कर्जाचा तह करण्यापूर्वी

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मैत्रिणींनो, पाय आधीच बाहेर गेले असतील तर ही म्हण काय कामाची? घरात मोठे आजारपण निघते, यजमानांची कंपनी बंद पडते, मुलीच्या कॉलेजची फी भरावी लागते, आणि बघता बघता चार ठिकाणचे हप्ते पगाराच्या पुढे धावू लागतात. मग एक दिवस बँकेचा माणस म्हणतो, “वहिनी, हप्ते बांधून देतो, सही करा.” किंवा, “एवढे एकरकमी भरा, बाकीचे सोडून देऊ.” जीव भांड्यात पडतो आणि आपण पेन शोधू लागतो. थोडं थांबा! असा तह कधी घर वाचवतो, तर कधी आणखी खोलात नेतो. आपल्यासाठी तो योग्य आहे की नाही, हे सहीच्या आधी ठरवायचे असते.

पहिले काम वहीचे. एका पानावर महिन्याला नक्की येणारे पैसे लिहा. नक्की म्हणजे नक्कीच. ओव्हरटाइम, बोनस, दिरांनी देऊ केलेले पैसे यांत धरायचे नाहीत. समोरच्या पानावर घरखर्च लिहा. किराणा, दूध, वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, लोकलचा पास, सासूबाईंची औषधे हे तर आलेच. शिवाय जूनमधली फी आणि वह्यापुस्तके, गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता यांची वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागा आणि तो आकडाही दर महिन्याच्या खर्चात घाला. बहुतेकींचा हिशेब चुकतो तो इथेच.

समजा, दहिसरमधल्या एका घरात नक्की येणारे बेचाळीस हजार, महिन्याचा खर्च तेहतीस हजार आणि वर्षाच्या खर्चाचा वाटा तीन हजार. उरले सहा हजार. कर्ज फेडायला हे सहा हजारच आहेत, त्याहून एक रुपयाही जास्त नाही.

आता याच घरावर तीन लाखांचे कर्ज आहे असे धरू. व्याज द.सा.द.शे. 12, तेही उरलेल्या रकमेवर. तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 9,960 रुपये येतो. तो झेपत नाही, म्हणून बँक मुदत पाच वर्षे करते आणि हप्ता सुमारे 6,670 वर येतो. ऐकायला किती बरे वाटते! पण तीन वर्षांत व्याज जाते सुमारे 58,700 रुपये, तर पाच वर्षांत सुमारे 1,00,400. म्हणजे आजच्या सवलतीची किंमत जवळजवळ बेचाळीस हजार. ती देणे भाग असेल तर द्यावी, अडचणीत तेही शहाणपणच. खरी मेख वेगळीच आहे. आपल्याकडे उरतात सहा हजार आणि नवा हप्ता आहे 6,670! हा तह चार-सहा महिन्यांत मोडणार, हे वही आजच सांगते आहे. तेव्हा एकतर दरमहा सातशे रुपये कुठून काढायचे ते आधी ठरवा, नाहीतर बँकेला स्पष्ट सांगा, “सहा हजारांवर जमणार नाही.” सवलत किती मिळते त्यापेक्षा हप्ता दर महिन्याला निघतो का, हाच प्रश्न मोठा.

आता तहाचे प्रकार पाहू, कारण नावे सारखी वाटली तरी परिणाम निरनिराळे असतात.

हप्त्यांची फेरबांधणी, म्हणजे मुदत वाढवणे किंवा काही महिने हप्ता थांबवणे. मुद्दल सगळे फेडायचेच असते. मिळकत चालू आहे, फक्त ओढाताण होते आहे, अशा घराला हा मार्ग बहुधा बरा. हप्ते थकण्याआधीच बँकेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

तडजोड, म्हणजे ठरलेली कमी रक्कम घेऊन बँकेने बाकीची सोडून देणे. ही माफी फुकट नसते, बरं का. सिबिलसारख्या संस्थांकडच्या नोंदीत हे कर्ज ‘पूर्ण फेडले’ असे न दिसता ‘तडजोडीने मिटवले’ असे दिसते, आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ते आडवे येते. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या नियमांप्रमाणे तडजोड झाल्यावर त्याच बँकेकडून नवे कर्ज निदान बारा महिने मिळत नाही. भाऊबीजेला भावाकडून किंवा मुदत संपलेल्या ठेवीतून एकरकमी पैसे येणार असतील आणि पूर्ण फेड खरोखरच अशक्य असेल, तरच या वाटेला जावे. आधी बँकेचे पत्र हातात घ्या. किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, जामीनदारही मोकळा होणार का, कोरे चेक आणि कागद परत कधी मिळणार, हे सारे त्यात हवे. पैसे बँकेच्या नावाने भरा, वसुलीवाल्याच्या हातात रोख मुळीच नको. शेवटी ‘देणे बाकी नाही’ असा दाखला घ्यायला विसरू नका.

लोकअदालत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही सोय झाली. दावा लागलेला नसला तरी तिथे प्रकरण नेता येते. दोन्ही बाजू राजी असतील तरच समेट होतो, पण एकदा झाला की तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का. त्यावर अपील नाही. म्हणून “होय” म्हणण्यापूर्वी वहीतला आकडा डोळ्यांसमोर असू द्या. याच कायद्याच्या बाराव्या कलमाने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. 15100 या क्रमांकावर फोन करून विचारा. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

नादारी. हा शेवटचा दरवाजा. दहिसर 1957 पासून बृहन्मुंबईत आहे, म्हणून आपल्याकडे 1909 चा जुना कायदा लागतो आणि अर्ज मुंबई उच्च न्यायालयात जातो. चेकनाका ओलांडून मीरारोडला गेलात की 1920 चा दुसरा कायदा आणि ठाण्याचे जिल्हा न्यायालय! 2016 च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला तुमच्याआमच्यासारख्यांसाठीचा भाग अजून सुरू झालेला नाही. नादार ठरलेल्या माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. वकिलाच्या सल्ल्याशिवाय इकडे वळू नये.

आणि आता खास आपल्याविषयी. नवऱ्याने एकट्याच्या नावावर काढलेल्या कर्जाला बायको केवळ बायको म्हणून जबाबदार नसते. ती जबाबदार होते सहीमुळे. आणि तहाच्या कागदांतच ही सही हळूच मागितली जाते. “नुसती औपचारिकता आहे हो, वहिनी,” असे म्हणून सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून नाव घालतात. कधी विनातारण कर्जाला नव्या करारात तुमचे दागिने किंवा राहती खोली तारण लावतात. जुन्या कर्जाला नसलेले तारण नव्या करारात आले, तर तो तह आपल्या बाजूचा नाही असे समजा. यजमानांवर अविश्वास दाखवायचा म्हणून हे सांगत नाही. घराचे एक चाक रुतले, तर दुसरे तरी कोरड्यावर असावे, एवढ्यासाठीच.

कायद्याचे दोन आधारही माहीत असू द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 56 व्या कलमाप्रमाणे पैशांच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि 60 व्या कलमाप्रमाणे स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आवश्यक कपडे आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. मात्र ते दागिने आपणच गहाण टाकले, तर हे कलम मदतीला येत नाही. तसेच तहाच्या हप्त्यांसाठी दिलेला तुमच्या सहीचा चेक न वटता परत गेला, तर तो वेगळा, फौजदारी गुन्हा होऊ शकतो. खात्री नसेल तर पुढच्या तारखांचे चेक देऊच नका.

वसुलीच्या फोनला घाबरून मात्र कुठेही सही करू नका. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट 2022 चा आदेश आहे. त्रास झाला तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला फी लागत नाही.

मग तह कुणी करू नये? थोडी काटकसर करून सहा महिन्यांत कर्ज फिटणार असेल, तर करू नये. मिळकत पूर्ण थांबली असेल तर हप्ता बांधून घेऊ नये, आधी मुदत मागावी. आणि परवाना नसलेल्या सावकाराचे देणे असेल, तर त्याच्याशी कागद करण्यापूर्वी सहकार खात्याच्या निबंधकांचे कार्यालय गाठावे. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे.

कागद आला की तो घरी आणा. दोन दिवस ठेवा. यजमान आणि तुम्ही, दोघांनी मिळून, मुले झोपल्यावर शांतपणे वाचा. न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि त्या ओळींचा अर्थ बँकेकडून लेखी मागा. “आजच सही करा, उद्या ही सवलत नाही,” असे कुणी म्हणालेच, तर शांतपणे सांगा, “मग तेवढेही पत्रात लिहून द्या.”