दुसरे विमान रूपावर नको, रानावर ठरवा

शिकाऊ विमान हाताला बसले, की मुले मोबाईलवर मला एकच चित्र दाखवतात. स्पिटफायर, नाहीतर मस्टँग. "आप्पा, आता हे घेऊ?" बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यात मोटारी भरण्याचे माझे दुकान आहे. विहिरीवरचे पंप आणि पाणबुडी मोटारी हे रोजचे काम. त्यातूनच बॅटरीवर उडणाऱ्या रिमोटच्या विमानांचा नाद लागला, आणि आता आसपासची पोरे आपली मोडतोड घेऊन माझ्याकडेच येतात. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना मी स्पष्ट सांगतो, की लढाऊ विमान इतक्यात नको. पहिले विमान पडले तर मुलगा चिकटपट्टी लावून पुन्हा उभा राहतो. दुसरे, महागाचे आणि देखणे विमान पहिल्याच दिवशी चुरगळले, की पुष्कळदा रिमोट कपाटात जातो तो जातोच. हे मला फार लागते.

शिकाऊ विमान चुका पोटात घालण्यासाठीच बनवलेले असते. पंख धडाच्या वर, पंखाची दोन्ही टोके किंचित उचललेली. विमान कलंडले तर स्टिक सोडून द्यायची, ते आपले आपण सरळ होते. बहुतेकांना तीनच चॅनल असतात: थ्रॉटल (मोटारीचा जोर), एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (नाक डावे-उजवे). एवढ्यावर मुलाला उंची राखता येते, वाऱ्याच्या तोंडी उतरवता येते, आणि विमान आपल्याकडे तोंड करून आले की डावे-उजवे उलटे होते हेही अंगवळणी पडते. वळणात विमान धरून ठेवणे मात्र तो शिकलेला नसतो. ते काम त्याच्या वतीने पंखच करत असतो.

दुसऱ्या विमानाने नेमके तेवढेच शिकवावे. त्यासाठी हवा चौथा चॅनल, म्हणजे पंखावरचे एलेरॉन. एलेरॉन दिला की विमान एका अंगावर कलते आणि कललेलेच राहते. सरळ करायला उलटी स्टिक द्यावी लागते, आणि वळणभर एलिव्हेटर थोडा ओढून धरला नाही तर नाक खाली जाते. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तीन चॅनलच्या विमानात रडरची वायर सहसा रिसीव्हरवर एलेरॉनच्या जागी लावतात, म्हणून वळवायचे काम उजव्या अंगठ्याला आधीपासूनच ठाऊक असते. नवा धडा डाव्या अंगठ्याला: थ्रॉटलबरोबर रडरही सांभाळायचा. एका विमानात इतके पुरे. त्यात वेग, अरुंद चाके आणि निमुळते पंख असे तीन नवे विषय घुसवायचे कशाला?

हा नुसता मताचा मामला नाही, हिशेब करून पाहता येतो. १२० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद पंखाचे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. विमान ९०० ग्रॅमचे असेल तर दर चौरस डेसिमीटरवर साडेसदतीस ग्रॅम भार येतो. आता १०० सेंटीमीटरचे लढाऊ विमान घ्या, पंखाची सरासरी रुंदी १७ सेंटीमीटर आणि वजन ११०० ग्रॅम. भार जातो ६५ ग्रॅमच्या आसपास. हवेत तगून राहायला लागणारा किमान वेग या भाराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे जवळपास तिसऱ्या हिश्श्याने. जमिनीला टेकताना अंगात असलेली ऊर्जा मात्र दुपटीहून अधिक होते, कारण तिथे वेगाचा वर्ग लागतो आणि वजनही वाढलेले असते. शिवाय टोकाकडे निमुळता होत गेलेला पंख वेग कमी होताच टोकापाशी आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल सोडतो, आणि विमान काही न सांगता एका बाजूला कोसळते. उतरताना घाबरलेला मुलगा नेमका वेगच कमी करतो. म्हणून माझा आकडा असा: दुसऱ्या विमानाचा भार ३५ ते ४५ ग्रॅमच्या दरम्यान, आणि पंख मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा. दुकानदाराला वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ आधी विचारा, वेग नंतर.

यापुढचा निर्णय दुकानात होत नाही, रानात होतो. परदेशी व्हिडिओत विमान कापलेल्या हिरवळीवर नाहीतर डांबरी धावपट्टीवर उतरते. पणदऱ्यात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, म्हणून चौफेर ऊस आहे. उभ्या उसात विमान पडले तर दहा पावलांवर असूनही दिसत नाही. पात्याची धार हातातोंडाला लागते ती वेगळीच. माळेगाव साखर कारखान्याचा हंगाम चालू होऊन फड तुटायला लागले, की कुठे कुठे मोकळे रान मिळते. पण त्यात सऱ्या असतात, ढेकळे असतात, पाचट असते. पुढे बारीक चाके लावलेले विमान तिथे सरीत अडकून नाकावर उलटते. तेव्हा आमच्या भागात दुसऱ्या विमानाला चाके नसली तरी चालतात. हाताने फेकता आले पाहिजे आणि पोटावर उतरवता आले पाहिजे. पंख खाली असलेले विमान पोटावर उतरवले तर ढेकूळ थेट पंखाला लागते, म्हणून पंख धडाच्या वर किंवा खांद्याशी असावा. नळीतल्या पंख्यावर उडणारे जेट घेऊन येणाऱ्यांना तर मी हात जोडतो. हाताने सोडल्यावर त्याला वेग घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बांध आलेला असतो.

रंगाचेही असेच. हिरवे विमान उसावर हरवते. वरून भगवे किंवा पिवळे आणि खालून रुंद काळे पट्टे असले, की विमान सुलटे आहे की उलटे ते लांबूनही कळते. रिसीव्हरला एक छोटा बझर लावून ठेवा, फडात शोधताना त्याचा आवाजच वाट दाखवतो.

इंदापूरकडच्या मुलांची गोष्ट निराळी. तिकडे रान उघडे आणि वारा मोठा. हलके शिकाऊ विमान तिथे वाऱ्याबरोबर निघून जाते, त्यामुळे त्यांना एलेरॉनचे, थोडे वजनदार विमान आमच्यापेक्षा लवकर लागेल. फक्त कडबनवाडीच्या गवताळ माळावर आणि भिगवणच्या पाणथळीवर उडवू नका. चिंकारा आणि रोहित पक्ष्यांना आपल्या सरावाचा त्रास कशाला? आषाढातला पश्चिमेचा वारा आणि चैत्र-वैशाखात दुपारी उठणाऱ्या वावटळी दोन्ही तालुक्यांत सारख्याच वाईट. हिवाळ्यात दव उतरल्यावरची सकाळ सगळ्यात चांगली.

मग नेमके कोणते घ्यावे? माझे उत्तर: स्टिक. १९६० च्या दशकात अमेरिकेत फिल क्राफ्टने 'अग्ली स्टिक' नावाचे विमान आखले. चौकोनी धड, सरळ पंख, नाव कुरूप असले तरी उडते गोड. त्याच्या विजेवरच्या आवृत्त्या आज घरी बनवता येतात. पाच मिलिमीटरचा हलका फोमबोर्ड घ्या. फ्लेक्सवाल्याकडचा सनबोर्ड स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, तो कित्येक पट जड असतो. मोटार ए२२१२, १००० केव्हीची, दहा इंची पंखा, ३० अँपिअरचा ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा), नऊ ग्रॅमचे चार सर्वो आणि तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी. पहिल्या विमानात हीच बॅटरी असेल तर फारच बरे, दोन्ही विमानांना एक माप चालते. पहिले विमान मोडून त्याचे सामान मात्र काढू नका. हात बिघडला की परत त्याच्याकडेच जायचे असते. याहून स्वस्त वाटही आहे: धड तेच ठेवून फक्त एलेरॉनचा दुसरा पंख बनवायचा. 'टायनी ट्रेनर' नावाच्या आराखड्यात असे दोन पंख मुळातच दिलेले आहेत.

घरी बनवण्याचा माझा आग्रह पैशापुरता नाही. केव्ही म्हणजे एका व्होल्टला बिनभाराचे मिनिटाला किती फेरे, हे मुलाला समजते तेव्हा तो तीन सेलच्या ११.१ व्होल्टला गुणून ११,१०० काढतो आणि मला विचारतो, "विहिरीवरची मोटार किती फिरते?" ती २९०० च्या आसपास. ही छोटी मोटारही तीन वायरींचीच. उलटी फिरली तर कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, थ्री फेज पंपाला करतो तशीच. बापाच्या शेतातले यंत्र आणि आपले विमान एकाच विज्ञानावर चालते, हे त्याला हाताने कळते. तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत बंदी घातली, सुट्या भागांना मोकळीक ठेवली. त्या धोरणाचा खरा फायदा गावातल्या अशा टेबलावर व्हायला हवा.

विमान आपोआप सरळ करणाऱ्या जायरोबद्दल वाद होतो. माझे मत असे, की रिमोटवरच्या एका खटक्याने तो बंद करता येत असेल तरच घ्या. सुरुवातीच्या उड्डाणांना चालू, मग उंचीवर बंद. कायम चालू राहिला तर दुसरे विमान हे पहिलेच विमान झाले. त्यापेक्षा एलेरॉनची हालचाल कमी ठेवा, ३० टक्के एक्स्पो द्या (म्हणजे स्टिक मध्याजवळ मवाळ होते) आणि गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर आणा. शेपूट जड राहिले तर कोणताही जायरो पुरत नाही. बॅटरी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये आणि उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आणि ठेवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.

बारामतीला विमानतळ आहे आणि तिथून प्रशिक्षणाची खरी विमाने उडतात. आपल्या डोक्यावर माणूस बसलेले विमान असू शकते, हे या तालुक्यातल्या मुलाने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाला जागा आहे, पण नजरेच्या टप्प्यात उडवण्याच्या अटीवर. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा १२० मीटर, विमानतळाजवळ ती आणखी कमी होते. ही क्षेत्रे सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात दिसतात, निघण्यापूर्वी तो पाहा. खऱ्या विमानाचा आवाज आला की आपले खाली उतरवा.

माझी मागणी गावाकडे आणि शाळांकडे आहे. रविवारी सकाळी दोन तास, विजेच्या तारांपासून लांबचे एक मैदान या मुलांना द्या. उसावर फवारणारा ड्रोन आता आपल्याकडे कौतुकाने पाहिला जातो. तो स्वतःला सावरत उडतो. हाताने विमान उडवणाऱ्या मुलाला हवा, भार आणि वेग यांचे नाते कळते, आणि उद्या ड्रोन बनवायलाही तोच लागणार आहे.

आणि स्पिटफायर? ते तिसरे. स्टिक आडव्या वाऱ्यात दोन्ही बाजूंनी उतरवता आली, आठाचा आकडा उंची न गमावता काढता आला, आणि मोटार बंद करून विमान ठरल्या जागी टेकवता आले, की माझ्याकडे या. त्याची मोटार मी स्वतः बसवून देईन.