ती क्लिप कुणाकडे आहे का?

2024 चा एप्रिल संपत आला होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकर कधी येणार आणि पार्किंगमध्ये आडवी स्कूटर कुणाची, असं नेहमीचं चाललं होतं. मध्येच एक प्रश्न पडला : "हासनची ती क्लिप कुणाकडे आहे का?" विचारणारे गृहस्थ निवृत्त, सत्तरीचे, संकष्टीला दोन-चार घरी मोदक पोचवणारे. वाईट माणूस म्हणता येणार नाही. खाली दोन हसरे चेहरे आले, एकाने लिहिलं, "पर्सनलवर टाकतो." मग पुन्हा टँकर.

हे आवाहन त्या गृहस्थांना आहे आणि मलाही आहे, कारण त्या दिवशी मी वाचलं आणि गप्प बसले.

हासन कर्नाटकात. तिथला तेव्हाचा खासदार प्रज्वल रेवण्णा, माजी पंतप्रधान देवेगौडांचा नातू. 26 एप्रिलला मतदान होतं. त्याच्या दोन-चार दिवस आधी जिल्ह्यात जागोजागी पेन ड्राइव्ह सापडू लागले. आत बायकांचे व्हिडिओ, त्यानेच काढलेले, असा आरोप. वाटणाऱ्यांना उमेदवाराचं पितळ उघडं पाडायचं असेल, पण चेहरे झाकायची तसदी कुणी घेतली नव्हती. उमेदवार मतदान झाल्या झाल्या राजनैतिक पासपोर्टवर जर्मनीला निघून गेला. बायका कुठे जाणार? त्या तिथेच राहिल्या, त्याच गल्लीत, जिथे दूधवाल्यापासून दिरापर्यंत प्रत्येकाच्या खिशात फोन होता. काहीजणी घर सोडून गेल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या.

पुढे विशेष तपास पथक नेमलं गेलं. तो 31 मे रोजी परतला आणि बेंगळुरूच्या विमानतळावरच त्याला अटक झाली. त्याच्याच कुटुंबाच्या फार्महाऊसवर काम करणाऱ्या एका बाईच्या तक्रारीवर पहिला खटला उभा राहिला. 1 ऑगस्ट 2025 रोजी विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी जन्मठेप दिली. त्याविरुद्ध त्याने उच्च न्यायालयात अपील केलं आहे. या खटल्यात व्हिडिओ पुरावा होताच, पण भाव खाऊन गेली ती एक साडी. ती तपास पथकाला फार्महाऊसवर मिळाली, तिच्यावरचे डाग प्रयोगशाळेत तपासले गेले आणि डीएनए जुळला. एवढी सत्ता, एवढं घराणं, आणि घरकाम करणाऱ्या बाईची एक जुनी साडी.

न्यायालयाला क्लिप लागते. सोसायटीच्या ग्रुपला ती कशाला लागते?

"आम्ही तर त्याला उघडा पाडायला पुढे पाठवतो," असं उत्तर येतं. मी विचारून पाहिलंय, अगदी हेच येतं. तर मग कायदा काय म्हणतो तेही ऐका. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. आधी हेच भारतीय दंड संहितेचं कलम 228 अ होतं. नाव लिहिलं नाही, फक्त गाव, नवऱ्याचा धंदा आणि मुलाची शाळा लिहिली, तरी ओळख पटतच असेल तर सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आणि असला व्हिडिओ पुढे ढकलला की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 अ लागतं, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत. हासनच्या वेळी तपास पथकाला लोकांना तसा जाहीर इशारा द्यावा लागला होता. क्लिप आली तर पुसून टाका, ग्रुपच्या ॲडमिनला सांगा, आणि पाठवणाऱ्याला एक ओळ लिहा. मोदकवाल्या काकांनाही लिहिता येते. "काका, हे काढा." भांडण होत नाही, थोडा अबोला होतो, तो मोदकांच्या वेळेपर्यंत मिटतो.

आता दुसरा प्रश्न. तो क्लिपसारखा चोरून विचारला जात नाही, चारचौघांत, चहा पिताना विचारला जातो : "इतके दिवस गप्प का होती?"

याचं उत्तर उन्नावमध्ये आहे. उत्तर प्रदेशातल्या या जिल्ह्यात जून 2017 मध्ये एका अल्पवयीन मुलीवर आमदार कुलदीपसिंह सेंगरने बलात्कार केला. ती गप्प बसली नाही. तक्रारी केल्या, अर्ज केले, हेलपाटे घातले. एप्रिल 2018 मध्ये तिच्या वडिलांना बेदम मारहाण झाली, आणि पोलिसांनी पकडलं कुणाला, तर वडिलांनाच, बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या आरोपाखाली. 8 एप्रिलला ती लखनौत मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानासमोर स्वतःला जाळून घ्यायला निघाली. 9 तारखेला वडील कोठडीत असताना वारले. त्यानंतर कुठे देशाचं लक्ष गेलं, तपास सीबीआयकडे गेला आणि आमदाराला अटक झाली. बोललेल्या मुलीचं हे झालं. शेजारच्या गावातल्या न बोललेल्या मुलीने यातून काय शिकायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि वर आपण विचारायचं, ओरडली का नाहीस.

जुलै 2019 मध्ये रायबरेलीजवळ ट्रकने तिच्या गाडीला धडक दिली. दोन नातेवाईक बायका गेल्या, ती आणि तिचे वकील गंभीर जखमी झाले. सर्वोच्च न्यायालयाने खटले दिल्लीला हलवले आणि डिसेंबर 2019 मध्ये सेंगरला जन्मठेप झाली. वडिलांच्या मृत्यूबद्दल मार्च 2020 मध्ये आणखी दहा वर्षं. ट्रकच्या प्रकरणातून मात्र न्यायालयाने त्याला पुराव्याअभावी मुक्त केलं. मी हे मुद्दाम सांगते आहे. ज्याच्याविषयी आपल्याला तिडीक आहे, त्याच्याबद्दलही जेवढं सिद्ध झालं तेवढंच बोलायची सवय लावून घ्यायला हवी. आणि हे प्रकरण संपलं असंही समजू नका. डिसेंबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप स्थगित केली, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या अर्थाने आमदार हा लोकसेवक ठरतो का, या मुद्द्यावर. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. तोवर साडेआठ वर्षं झाली होती, आणि मुलगी न्यायालयाच्या दारातच होती.

अशी एखादी बाई उद्या तुमच्या दारात आली तर? मोठा नेताच हवा असं नाही. वॉर्डातला वजनदार माणूस, संस्थाचालक, साहेबांचा उजवा हात, एवढंही पुरतं. बळी तो कान पिळी हे वॉर्डापासूनच सुरू होतं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या एका बाईबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले होते. ठाण्याचं नाव घेत नाही. बाकावर बसवलं. वर पंखा कर्र कर्र करत होता. समोरच्या हवालदारांनी तक्रार कुणाविरुद्ध ते नाव ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि आवाज एकदम मऊ केला : "ताई, आधी साधा अर्ज द्या. चौकशी करू. एफआयआर एकदा झाली की मागे घेता येत नाही, तुमच्याच लेकीबाळींचा प्रश्न आहे." ती माझ्याकडे बघायला लागली. मलाही क्षणभर वाटलं, अर्जच देऊ या. तो मऊ आवाज फार पटतो, ओरडून घातलेल्या धमकीपेक्षा जास्त.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते तुम्ही आजच माहीत करून घ्या. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचाराची खबर दिली की ती नोंदवावीच लागते, आणि ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कुठल्याही ठाण्यात 'झीरो' क्रमांकाने घ्यावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसालाच न्याय संहितेच्या कलम 199 खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. हे कलम तोंडपाठ करून जा. नुसतं सौम्यपणे उच्चारलं तरी खाली ठेवलेलं पेन उचललं जातं. नाहीच उचललं, तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा, पोचपावती जपा, आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. "आमदारसाहेबांवर गुन्हा नोंदवायला वरून परवानगी लागते" हे कुणी सांगितलं तर ती थाप आहे. लैंगिक गुन्ह्यांत लोकसेवकावर खटला चालवायलाही सरकारी मंजुरीची अट नाही.

दवाखान्याचंही तसंच. सरकारी असो की खासगी, प्रथमोपचार आणि उपचार ताबडतोब आणि मोफत करायचे हा कायदा आहे, "आधी पोलीस केस करून या" म्हणायचा अधिकार डॉक्टरला नाही. अंगावरचे कपडे धुऊ नका. बाईचा पहिला ओढा आंघोळीकडे असतो, ते समजण्यासारखं आहे, पण कपडे तरी बाजूला काढा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओल धरते. वाळवून कागदात ठेवा. वर्षं उलटली असली तरी बलात्काराच्या तक्रारीला मुदत नसते. वकिलाचे पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रीला मोफत वकील देतं, उत्पन्न न विचारता. घरकाम करणाऱ्या बाईला मालकाविरुद्ध जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीकडे जाता येतं, आणि महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही आहे. एवढं सगळं तिला एका दमात सांगू नका मात्र. पहिल्या दिवशी पाणी द्या, दार लावा, ऐका. तीच गोष्ट चार जणांसमोर चार वेळा सांगायला लावू नका.

आणि तडजोडीला बसू नका. 'भाऊ', 'दादा', कुणी नातेवाईक, कुणी जातीतले ज्येष्ठ, रात्री नऊनंतर येतात, सोफ्यावर टेकतात, चहा नको म्हणतात आणि पितात. "दोन्ही घरांची अब्रू" हे शब्द आले की उठून उभं राहायचं.

खरी पंचाईत तेव्हा होते, जेव्हा आरोप आपल्या पक्षाच्या माणसावर असतो. समोरच्या पक्षाचा असला की आपण लगेच न्यायाधीश. आपला असला की लगेच वकील : "निवडणुकीच्या तोंडावरच कशी बोलली?", "मागे कोण आहे बघा". सेंगर भाजपचा होता, रेवण्णा जनता दल (सेक्युलर)चा. समाजवादी पक्षाच्या सरकारातले मंत्री गायत्री प्रजापती यांना सामूहिक बलात्काराच्या खटल्यात नोव्हेंबर 2021 मध्ये जन्मठेप झाली. झेंडा कोणताही काढा, त्याखाली एखादं नाव निघतं. कुस्तीपटू मुलींनी 2023 मध्ये जंतरमंतरवर बसून कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि भाजप खासदार ब्रिजभूषण सिंह यांच्यावर आरोप केले तेव्हाही आपण आधी पक्ष पाहिला. तिथे एका अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण न्यायालयाने मे 2025 मध्ये बंद केलं. सज्ञान कुस्तीपटूंच्या तक्रारींवर 2024 मध्ये आरोप निश्चित होऊन खटला उभा राहिला. ज्यांना हे दोन्ही एका दमात सांगता येत नाही, त्यांनी चहाच्या टपरीवर निकाल देऊ नये. आरोप आहे तोवर 'आरोपी' म्हणा, 'नराधम' म्हणू नका. आणि तिला 'तक्रारदार' म्हणा, 'ती बाई' म्हणू नका. 'कथित' हा शब्द मला आवडत नाही, पण वेळेला उपयोगी पडतो.

गप्पा सोडून आपल्या हातात खरोखर एक गोष्ट असते, ती म्हणजे मत. ऑगस्ट 2024 मध्ये 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या संस्थेने उमेदवारांच्याच शपथपत्रांवरून आकडा काढला : देशात 151 विद्यमान खासदार-आमदारांनी आपल्यावर स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांचे खटले असल्याचं स्वतः नोंदवलं होतं, त्यातले 16 जण बलात्काराच्या आरोपाचे. नोंदवलं म्हणजे सिद्ध झालं नव्हे. पण पक्षाने त्यांना उभं करण्याआधी वाचलं होतं, आपण वाचलं नव्हतं.

वाचायची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, खटले प्रलंबित असलेल्या उमेदवाराला प्रचारकाळात तीनदा वर्तमानपत्रात ते जाहीर करावे लागतात. फेब्रुवारी 2020 पासून पक्षालाही सांगावं लागतं की याच माणसाला उमेदवारी का, आणि 'निवडून येण्याची क्षमता' एवढं एकच कारण चालत नाही. ही जाहिरात आतल्या पानावर येते, बारीक टायपात, शेजारी कुठल्यातरी पतसंस्थेची लिलावाची नोटीस. कारणाच्या रकान्यात बहुधा लिहिलेलं असतं, "समाजकार्याची आवड". पुढच्या वेळी निवडणूक लागली की तो अंक रद्दीत टाकण्याआधी चष्मा लावा, कलमांचे आकडे पाहा. 376, 354 हे जुन्या संहितेतले, 64 आणि 74 नव्यातले : आधी बलात्कार, मग विनयभंग. समजलं नाही तर नातवाला विचारा, त्याला फोनवर शोधता येतं. आणि मग हवं तर तेच पान सोसायटीच्या ग्रुपवर टाका, टँकरच्या चर्चेच्या मधोमध.