कचेऱ्या रिकाम्या, कामगार गावाबाहेर



आमच्या रामकृष्णपुरमला लागून मोहम्मदपूरची सरकारी वसाहत आहे. दक्षिण दिल्लीतील ज्या सात वसाहती पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये घेतला, त्यांत ती एक. बाकीच्या सहा म्हणजे सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर आणि श्रीनिवासपुरी. १२,९७० क्वार्टर्सच्या जागी २५,६६७ क्वार्टर्स आणि तीस वर्षांच्या देखभालीसह खर्च ३२,८३५ कोटी रुपये. आकडा ऐकून कोणाही कर्मचाऱ्याला बरेच वाटेल. पण पैसा कुठून येणार, हे विचारले पाहिजे. योजना 'स्वयंअर्थसाहाय्यित' आहे. म्हणजे सरकारी तिजोरीवर भार नको, त्याच जमिनीवर व्यापारी जागा बांधायची, ती विकायची आणि त्या पैशातून घरे उभी करायची.

झाले काय ते नीट पाहा. नौरोजी नगरमध्ये जिथे सरकारी नोकरांची बिऱ्हाडे होती, तिथे आता वर्ल्ड ट्रेड सेंटर या नावाने कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत आणि त्यांचे गाळे लिलावाने हजारो कोटींना विकले गेले. २०१८ साली झाडे तोडण्यावरून लोक रस्त्यावर उतरले आणि उच्च न्यायालयाला तोड थांबवावी लागली, तेव्हा कुठे या योजनेची चर्चा झाली. तीही झाडांपुरतीच. घरे पाडून कचेऱ्या का बांधता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आता दुसरे टोक बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्तव्य भवनाच्या पहिल्या इमारतीचे उद्घाटन झाले. भाड्याच्या कचेऱ्यांवर सरकारचे वर्षाला दीड हजार कोटी रुपये जातात, असे त्या वेळी पंतप्रधानांनीच सांगितले. मंत्रालये नव्या इमारतींत जाणार, तेव्हा भाड्याच्या जागा सुटतील आणि सरकारच्या मालकीच्या जुन्या कचेऱ्याही मोकळ्या होतील. शास्त्री भवन, कृषी भवन यांसारख्या इमारती तर पाडण्याच्याच यादीत आहेत. टेलिफोनवाल्या आपल्या भावंडांचे काय झाले ते टपालातील जुन्या साथींना सांगायला नको. १९८५ पर्यंत आपण एकाच खात्यात होतो. एमटीएनएलमधून २०२० च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्तीने १४ हजारांहून जास्त कर्मचारी एकदम बाहेर पडले. एक्स्चेंजची यंत्रे त्याआधीच आक्रसून कपाटाएवढी झाली होती. शहराच्या मोक्याच्या जागी अशा इमारतींचे मजलेच्या मजले ओस पडले. त्यांवर सरकारचे उत्तर एकच : विका. २०२२ मध्ये तर सार्वजनिक उपक्रमांच्या जमिनी विकण्यासाठी स्वतंत्र महामंडळच मंजूर झाले.

आपल्यापैकी काही म्हणतील, रेल्वे आणि टपालाची क्वार्टर्स वेगळी, सामान्य कोट्याशी आपला काय संबंध? आहे. पहाटेची पहिली गाडी जो काढतो, त्याला कामावर पोहोचायला गाडी नसते. आर.एम.एस.च्या रात्रपाळीवाल्याचेही तेच. दिल्लीत हा माणूस पलवल, गाझियाबादहून येतो आणि मुंबईत बदलापूर, आसनगावहून. कचेरीतला साहेब दहा वाजता येणार, म्हणून त्याची कचेरी शहराच्या मध्यभागी. आणि ज्याला रात्री दोन वाजता हजर व्हायचे, त्याचे घर चाळीस मैलांवर.

कचेरीचे घर होते का? होते. कॅनडातील कॅलगरी शहर तेलाच्या मंदीत कचेऱ्यांनी ओस पडले, तेव्हा २०२१ पासून तिथल्या नगरपालिकेने कचेरीचे घर करणाऱ्याला दर चौरस फुटामागे ७५ डॉलर अनुदान देऊ केले. पण हे काम भिंती घातल्या की झाले, असे नाही. कचेरीत संडास आणि नळ एका कोपऱ्यात असतात, घरांना प्रत्येकी मोरी आणि स्वयंपाकघर लागते. फार रुंद इमारतीत मधल्या खोल्यांना उजेड मिळत नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली बिल्डरांना पूर्ण परवानगीशिवाय असे बदल करायची मोकळीक दिली आणि लोक बिनखिडकीच्या खुराड्यांत राहू लागले. शेवटी २०२० मध्ये सरकारला नियम करावा लागला, की घरात पुरेसा उजेड हवाच. एकट्या बिल्डरवर सोडले की असेच होते.

मग पैसा? इथे मी आपल्या पगारपत्रकावरून हिशेब मांडतो. सातव्या वेतन आयोगाची किमान मूळ वेतनश्रेणी १८,००० रुपये. जानेवारी २०२४ पासून मोठ्या शहरांत घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे ५,४०० रुपये. (या पैशात मुनीरकात एका कुटुंबाला धड खोली मिळवून दाखवावी!) क्वार्टर दिले की हा भत्ता सरकार देत नाही. एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला ६४,८०० रुपये आणि भत्ता मुळीच वाढला नाही असे धरले तरी तीस वर्षांत साडेएकोणीस लाखांच्या घरात. वर लायसन्स फी वेगळी. इमारत आणि जमीन आधीच जनतेच्या मालकीची. फेरबदलाचा सगळा खर्च यातून निघेल, असा माझा दावा नाही, व्याज आणि दुरुस्ती आहेच. पण हुडकोसारखी सरकारी संस्था, जी १९७० मध्ये घरबांधणीलाच कर्ज द्यायला काढली, तिने लांब मुदतीचे कर्ज द्यावे आणि वाचलेल्या भत्त्यातून हप्ते फिटावेत, उरलेला भार अर्थसंकल्पाने उचलावा, यात अशक्य काय आहे? भाड्यापोटी दीड हजार कोटी जात होते, तेव्हा तिजोरी रिकामी नव्हती.

आपल्यातलेच कित्येक जण क्वार्टर नको, भत्ता द्या म्हणतात. गळक्या छपराची, तुंबलेल्या गटारांची क्वार्टर्स पाहता त्यांचे चुकत नाही. म्हणून देखभालीचा निधी कर्जाच्या कागदातच बांधून घ्यायला हवा.

मुंबईकडेही पाहा. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १,६०१ कोटींना महाराष्ट्र शासनाकडे देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. सार्वजनिक इमारत खाजगी हातात गेली नाही, हे चांगलेच झाले. विखुरलेल्या कचेऱ्यांचे भाडे वाचेल, हेही मान्य. पण जनतेचे एवढे पैसे घालून मोक्याची इमारत घेतली, तीही कचेऱ्यांसाठीच. चर्चगेट आणि बोरीबंदर दोन्ही स्थानके जिथून जवळ, तिथे दोन-चार मजले रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना राहायला द्यावेत, ही मागणी आपण तरी वेळेवर केली का?

वेळेवर आणि लेखी, हे गिरणगावाने शिकवले आहे. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली, की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालच्या नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम ठेवली आणि घरांचा वाटा आटून गेला.

तेव्हा कोणतीही रिकामी सरकारी कचेरी विक्रीला काढण्याआधी ती राहण्यायोग्य करता येईल का याची पाहणी व्हावी आणि अहवाल मान्यताप्राप्त संघटनांना मिळावा, ही मागणी जे.सी.एम.च्या बैठकीत लेखी मांडायची आहे. त्यासाठी शाखा सचिवांनी आपापल्या विभागातील रिकाम्या इमारतींची माहिती पाठवावी : पत्ता, खाते, किती मजले, केव्हापासून बंद, खिडक्या दोन्ही बाजूंना आहेत की एकाच, स्टेशन किंवा टपाल कार्यालय किती अंतरावर. सोबत रात्रपाळीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या आणि ते कुठून येतात, हेही लिहावे. इमारत आपल्याच खात्याची असली पाहिजे असे नाही.