चारही धुरे सारखे, म्हणून वावर सारखे नव्हे



उन्हाळवाही आटोपली, वावर मोकळे आहे. मृगाची धांदल सुरू होण्यापूर्वी घरातल्या शाळकरी मुलांना हाताशी घेऊन एक काम उरकून घ्या. आपले वावर एकदा नीट मोजा. तुम्ही म्हणाल, सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले आहे, मग मोजायचे कशाला? पण नांगरटीचे भाडे ठरते, मक्ता ठरतो, बियाणे, खत आणि फवारणीचे औषध आणले जाते, तेव्हा आपण सातबारा पाहत नाही. अनेकदा वावराचा एखादाच तुकडा असतो आणि त्याचा अंदाज आपण धुऱ्यावरून चालूनच बांधतो. नेमका तेथेच घोटाळा होतो.

आधी घरातलीच एक गोष्ट पाहू. तुराटीचे एकसारख्या लांबीचे चार तुकडे घ्या आणि टोके सुतळीने बांधून चौकोन करा. आता एक कोपरा हळूच ढकला. चौकोन तिरपा होतो. आणखी ढकला, तो चपटा होत जातो आणि शेवटी काड्या एकमेकींना चिकटून आतली जागाच नाहीशी होते. काड्या मात्र त्याच चार, लांबीही तीच! आता तीन तुकड्यांचा त्रिकोण बांधा आणि ढकलून पाहा. तो हलत नाही.

हे ज्ञान आपल्या घरादारात जागोजाग वापरलेले आहे. सांधे ढिले झालेली बाज एका अंगाला कलते, कारण ती चौकोनी आहे. गोठ्याच्या फाटकाला सुतार एक तिरपी पट्टी ठोकतो, ती शोभेसाठी नव्हे. त्या पट्टीने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि फाटक लोंबत नाही. टिनाच्या छपराखालची कैची त्रिकोणीच असते. या तिरप्या रेषेलाच मुलांच्या भूमितीच्या पुस्तकात कर्ण म्हणतात.

आता वावराकडे वळू. गावोगाव चालणारा हिशेब असा: समोरासमोरच्या धुऱ्यांची बेरीज करून निम्मी करायची, आणि दोन्ही निम्म्यांचा गुणाकार करायचा. वावराचे चारही कोपरे गुन्यात असतील तर हा हिशेब बरोबर येतो. पण नाल्याकाठची, पांदणीला लागलेली वावरे गुन्यात कुठली असायला! अशा वावराचे क्षेत्र या रीतीने नेहमी जास्तच भरते, कमी कधीच भरत नाही. वावर जितके तिरपे, तितकी चूक मोठी.

उदाहरण घ्या. चारही धुरे ३३० फुटांचे आहेत. ३३० गुणिले ३३० म्हणजे १,०८,९०० चौरस फूट. गुंठ्याचे चौरस फूट १,०८९, तेव्हा हे झाले १०० गुंठे, म्हणजे अडीच एकर. पण वावर थोडे तिरपे आहे आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतले अंतर ३९६ फूट भरते. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून या कर्णापर्यंतचे सरळ अंतर प्रत्येकी २६४ फूट आहे. २६४ आणि २६४ मिळून ५२८. ३९६ गुणिले ५२८, त्याचे निम्मे १,०४,५४४ चौरस फूट. म्हणजे नेमके ९६ गुंठे. चार गुंठे कागदावरच राहिले! नांगरटीचे भाडे, मक्ता, औषध, सगळे शंभर गुंठ्यांचे द्याल. माल मात्र ९६ गुंठ्यांचाच घरी येईल. भावाभावांच्या वाटणीतही हेच. धुरे सारखे मोजले म्हणून वाटे सारखे होत नाहीत, आणि चार गुंठ्यांपायी जन्माचा अबोला धरलेली घरे तुम्हाला ठाऊक आहेतच.

ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधल्या ‘लीलावती’त ती ठणकावून सांगितली आहे. चौकोनाचा कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला तर त्याहून मोठे पिशाच! त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख आपल्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

मोजण्याची रीत सोपी आहे. चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. समोरासमोरच्या दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून बांधा आणि ते अंतर टेपने मोजा. मग तिसऱ्या खुंटीवर टेपचे टोक धरून दुसऱ्याने टेप ताणून दोरीवर मागे-पुढे सरकवावा. जेथे सर्वांत कमी आकडा येतो, तोच लंब. चौथ्या खुंटीकडूनही तसेच करा. दोन्ही लंबांची बेरीज गुणिले कर्ण, भागिले दोन, आणि त्याला १,०८९ ने भागा. गुंठे आले. टेप सैल सोडू नका. धुरा नाल्यासारखा वळत असेल तर वावराचे दोनऐवजी चार-पाच त्रिकोण पाडा आणि शेवटी बेरीज करा.

वरूड-मोर्शीकडे संत्र्याची नवी बाग आखणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. सहा-सहा मीटरवर झाडे धरली, पण आखणी वरच्या वावराइतकीच तिरपी झाली, तर दोन ओळींतले अंतर ५ मीटर ७६ सेंटिमीटरच उरते. म्हणून पहिला कोपरा धरताना एका रेषेवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर खूण करा. दोन्ही खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर भरले, तर कोपरा गुन्यात आहे. गवंडी घराचा पाया असाच आखतो.

आता मोबाइलवरही क्षेत्र दिसते. त्याचा आकडा आपल्या टेपशी ताडून पाहा. मात्र हद्दीचा वाद असेल तर घरची मोजणी चालत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करा. घरची मोजणी आपल्या खर्चाच्या हिशेबासाठी आहे. ती एकदा करून प्रत्येक तुकड्याचे गुंठे वहीत लिहून ठेवा, आणि हिशेब मुलांकडूनच करून घ्या. पुस्तकातला त्रिकोण त्यांना एकदा वावरात भेटला की परीक्षेत तो त्यांना अडवणार नाही.