खर्रा गावात, नॅनो औषध शहरात!

माणसाच्या एका केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर असते. आज शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचे कण कॅन्सरच्या गाठीपर्यंत औषध वाहून नेत आहेत. या विज्ञानाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. विज्ञान ही कोणा एका वर्गाची वडिलोपार्जित मिळकत नाही. म्हणूनच आमचा सवाल आहे : हा कण यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीच्या, घाटंजीच्या, उमरखेडच्या शेतमजुरापर्यंत केव्हा पोहोचणार?

आधी हे तंत्र समजून घेऊ. कॅन्सरची गाठ झपाट्याने वाढते. तिला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या कच्च्या आणि सच्छिद्र असतात. त्या फटींतून सूक्ष्मकण गाठीत शिरतात व तेथे साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ साली मांडले. १९९५ मध्ये अमेरिकेत स्निग्ध आवरणात बंद केलेल्या डॉक्सोरुबिसिनला मंजुरी मिळाली. हे औषध हृदयाला अपाय करते, आवरणामुळे तो धोका कमी झाला. २००५ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी अल्ब्युमिन प्रथिनाच्या कणांत बांधलेले पॅक्लिटॅक्सेल आले. ही जादू नव्हे. उंदरांच्या गाठीत जो परिणाम ठळक दिसतो, तो माणसाच्या गाठीत तेवढा दिसत नाही. पण रुग्णाचे हाल कमी होतात, हेही थोडके नाही.

निदानाचे काय? गावातल्या आशाताईच्या पिशवीत गरोदरपण तपासण्याची पट्टी असते. तिच्यावर उमटणारी तांबडी रेघ बहुधा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते! म्हणजे नॅनो तंत्र आमच्या वस्तीत कधीच आले आहे, तेही अगदी स्वस्तात. मग अशाच स्वस्त पट्टीने कॅन्सरची पहिली चाहूल लागावी, यासाठी संशोधनाचा पैसा का लागू नये? श्रीमंताच्या सलाइनसाठी विज्ञान धावते, गरिबाच्या तपासणीसाठी मात्र ते रांगते. हा विज्ञानाचा दोष नाही, विज्ञान कोणासाठी हे ठरवणाऱ्यांचा आहे.

इकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, खर्रा मात्र गेला नाही. कापूस वेचताना, निंदण करताना भूक मारायला तो गालात धरला जातो. बायाही खातात. तंबाखू आणि सुपारी दोन्ही कॅन्सरला कारण आहेत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने स्पष्ट केले आहे. आधी तिखट झोंबते, मग तोंड पुरते उघडत नाही, गालात पांढरा चट्टा येतो, जखम भरत नाही. मजुरी बुडेल म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. जातो तेव्हा गाठ मानेत उतरलेली असते. मग यवतमाळहून दीडशे किलोमीटरवरचे नागपूर आणि घरातले किडूकमिडूक विकणे!

किमतीचा प्रश्नही सुटू शकतो. मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरील सोराफेनिब या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. २०१२ मध्ये भारत सरकारच्या पेटंट नियंत्रकाने सक्तीचा परवाना दिला आणि तो ८,८०० रुपयांच्या घरात आला. कायदा गरिबाच्या बाजूने उभा राहिला की काय होते, हे त्यातून दिसले. नॅनो औषधांबाबतही हेच धाडस हवे. संविधानाच्या कलम ४७ ने जनतेचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या संविधानातले हे कलम शोभेचे नाही.

आपल्याच महाराष्ट्राने वाट दाखवली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. उस्मानाबादच्या खेड्यात जे होते, ते यवतमाळच्या तांड्यावर, पोडावर आणि बौद्धवाड्यात का होऊ नये?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. आमचे केंद्र कागदावर आहे की खाटेवर, हे यवतमाळकरांनी दर महिन्याला विचारले पाहिजे. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या हातातले काम आजच सुरू करावे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा तोंड तपासणी शिबिराला द्यावा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर डॉक्टर बोलवावा. बॅटरीच्या उजेडात तोंड पाहायला कोणताही नॅनो कण लागत नाही. आणि विहाराच्या आवारात खर्रा नको, हा नियम आधी आपण पाळावा.

तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. बाण कोणी मारला, कशाचा होता, याची चर्चा करत बसलो तर माणूस मरेल. आधी बाण काढा. आमच्या माणसाच्या गालात बाण रुतला आहे. प्रयोगशाळेतला कण आमच्यापर्यंत यावा यासाठी आम्ही लढू. पण तो येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणार नाही!