जुने टायर : वरून शाबूत, आतून जीर्ण

अमेरिकेत १९६० च्या दशकातील शेव्हरोले कॉर्व्हेटसारख्या स्पोर्ट्स कार जपणाऱ्यांना एक प्रश्न नेहमी पडतो. कारखान्यातून आलेले मूळ टायर ठेवावेत, की त्याच नक्षीचे नव्याने बनवलेले बसवावेत? प्रदर्शनात अस्सल वस्तूला मान असतो, म्हणून मूळ टायरचा मोह सुटत नाही. रस्त्यावर मात्र तो जिवावर बेतू शकतो.

रबराचे वय झिजेवरून कळत नाही. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोनमुळे रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. उष्णतेने हे लवकर घडते. ओझोनपासून वाचवणारी मेणासारखी द्रव्ये टायर फिरताना पृष्ठभागावर येतात. गाडी उभीच राहिली तर हे संरक्षण कमी पडते. त्यामुळे खाचा पूर्ण खोल असूनही आतील थरांची पकड सुटलेली असू शकते. मग भर वेगात वरचा पट्टा उखडतो.

टेनेसीतील कोकर टायर ही कंपनी जुन्या रूपाचे टायर नव्या रबरात बनवते. पण नवेही म्हातारे होतातच. टायरच्या बाजूवरील कोडचे शेवटचे चार अंक पाहावेत : '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांनंतर, खाचा शिल्लक असल्या तरी, टायर बदलावा असे अनेक उत्पादक सांगतात.

मूळ टायर जरूर जपावेत, पण प्रदर्शनापुरते. रस्त्यावर नवेच हवेत. आपल्याकडे अंगणात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीलाही हाच नियम लागू पडतो.