पहिला हॅम सेट : लायसेन्स आधी, खरेदी नंतर

हॅम रेडिओविषयी विचारपूस करणारे तरुण अधूनमधून माझ्याकडे येतात. बहुतेक हाताने काम करणारे असतात. कुणी मोबाइल दुरुस्त करतो, कुणी मोटार रिवाइंडिंग करतो, कुणी आय.टी.आय. करून यंत्रमागाच्या कारखान्यात वायरमन आहे. पहिला प्रश्न ठरलेला : "चाचा, कमी पैशांत कोणता सेट घेऊ?" माझे उत्तरही ठरलेले आहे. सेट सर्वात शेवटी घ्यायचा. ते ऐकून मुले नाराज होतात, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

हे व्यापाराचे पान आहे, तेव्हा एक खुलासा प्रथम करणे जरूर आहे. या रेडिओवर व्यापार करता येत नाही. भिवंडीहून टेम्पो निघाला का, मालेगावात ग्रे कापडाचा आज भाव काय, अमुक पार्टीचे पैसे आले का, यातले एक वाक्यही हॅमच्या लहरींवर बोलणे नियमाबाहेर आहे. गाणी वाजवणे, राजकारण, सांकेतिक भाषा यांनाही बंदी आहे. हा छंद आहे, विद्या आहे आणि अडचणीच्या वेळी खिदमत आहे. ज्यांना फक्त गोदाम ते दुकान बोलायचे आहे त्यांच्यासाठी सरकारने ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढा छोटा पट्टा कमी शक्तीच्या वॉकीटॉकीसाठी लायसेन्समुक्त ठेवला आहे. त्या पट्ट्याचा सरकारी मंजुरीचा सेट पक्क्या बिलावर घ्यावा आणि हॅमच्या वाटेला जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा. चिनी बनावटीचे हातात धरायचे सेट, उदाहरणार्थ बाओफेंगचा यू.व्ही.-५आर, २०१२ पासून जगभर खपले. स्वस्त आहेत आणि त्या पैशांत वाईट नाहीत. परंतु असा सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकतो आणि आपल्याकडे हॅमला त्यातले फक्त १४४ ते १४६ दिलेले आहे. बाकीच्या जागेत इतर खाती आणि परवानाधारक कंपन्या बसलेल्या असतात. चुकून एक बटण दाबले गेले तरी आपला आवाज त्यांच्या कानात जातो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशा वॉकीटॉकींबद्दल नोटिसा दिल्या, आणि त्याच महिन्यात विक्रीसंबंधी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कारण हेच होते की, लायसेन्स लागते की नाही, कोणत्या लहरींवर चालते, मंजुरी आहे की नाही, हे काहीही न सांगता माल विकला जात होता.

उघड बोलायचे तर आपल्या वस्तीतील मुलाने हे जास्त जपले पाहिजे. गच्चीवर तार ओढलेली, हातात बिनतारी सेट, आणि नाव आपल्यासारखे. पाहणाऱ्याच्या मनात काय येईल हे मी लिहून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या एखाद्या मुलाला दटावून सोडतील, आपल्या मुलाला चार दिवस खुलासे द्यावे लागतील. त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहेच. परंतु तक्रार करताना खिशात लायसेन्स असावे. डब्ल्यू.पी.सी. या सरकारी विभागाचे कागद हातात असले म्हणजे तोच मुलगा संशयित राहत नाही, तो सरकारमान्य ऑपरेटर असतो. इतर खात्यांच्या दारात आपण ज्या कागदांसाठी हेलपाटे घालतो, त्यांच्यापेक्षा हा कागद फार सोपा आहे.

सोपा अशासाठी की वयाची अट १२ वर्षे पूर्ण एवढीच आहे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेत प्राथमिक रेडिओशास्त्र आणि नियम असतात, मोर्सची कट-कडकट्ट येण्याची गरज नाही. अभ्यासाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत, म्हणून उर्दू माध्यमाची मुले कचरतात. आम्ही शाळेत 'बर्की रौ' आणि 'मुज़ाहमत' शिकलो. तीच विद्युतधारा आणि तोच रोध, ओहमचा नियम काही भाषेप्रमाणे बदलत नाही. शंभर-दीडशे इंग्रजी शब्द वहीत लिहून पाठ केले की काम भागते. परीक्षा झाल्यावर लायसेन्सचा अर्ज करायचा. मग पडताळणी होते आणि तिला महिने लागू शकतात. फी आणि अर्जाची रीत वेळोवेळी बदलते, ती अर्ज करतानाच पाहावी. शेवटी व्ही.यू.३ ने सुरू होणारे आपले स्वतःचे सांकेतिक नाव मिळते. हेच ते कॉलसाइन.

हे वाट पाहण्याचे महिने वाया जात नाहीत. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांना मोफत ऐकता येतो. मोबाइलवर तो लावून रोज अर्धा तास ऐकावे. हॅम लोक एकमेकांना कसे पुकारतात, आपली पाळी येईपर्यंत कसे थांबतात, आवाज विरतो तेव्हा काय करतात, हे पुस्तकात नीट कळत नाही, कानाने कळते. दुसरे काम म्हणजे आपल्या गावात आणि आसपास कोण हॅम आहेत ते शोधून त्यांच्याकडे जाऊन बसणे. सेट कोणता घ्यायचा याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

कारण हा सवाल गावावर अवलंबून आहे. हातातला सेट साधारणपणे नजर पोहोचेल तिथपर्यंत बोलतो. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी उंचावरचा रिपीटर आवाज उचलून पुढे पाठवतो, म्हणून तिथे पाच वॅटचा सेट पुरतो. पण परभणी-बीडकडच्या तालुक्याच्या गावात, जिथे दुसरा हॅम नाही आणि रिपीटरही नाही, तिथे तोच सेट घेतला तर ऐकायला फक्त खरखर! दोन महिन्यांत तो कपाटात जातो. अशा गावातल्या मुलाने थोडे थांबून पैसे जमवावेत आणि ४० मीटरचा, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा सेट घ्यावा. दिवसा चारशे-पाचशे किलोमीटरवरचे लोक त्यावर मिळतात, रात्री त्याहून लांबचे. शंभर वॅटच्या जुन्या जपानी सेटचा मोह नवशिक्याने टाळावा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला या पट्ट्यांवर ५० वॅटची मर्यादा आहे. शिवाय तसा सेट पूर्ण शक्तीवर वीसेक अँपिअर ओढतो, म्हणजे पॉवर सप्लायचा खर्च वेगळा.

वॅटचा आकडा म्हणजे ताग्यावरचा छाप. गिऱ्हाईक छाप पाहते, व्यापारी सूत पाहतो. इथे सूत म्हणजे अँटेना आणि केबल. समोरच्याच्या मीटरवर आपला आवाज एक पायरी वर चढायला शक्ती चौपट करावी लागते. आता उलट हिशेब पाहा. बाजारात सहज मिळणारी आर.जी.-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे १५ मीटर लांब टाकली की निम्मी शक्ती केबलमध्येच संपते. पाच वॅटचे अडीच झाले. म्हणून केबल शक्य तितकी आखूड ठेवावी, किंवा जाड आर.जी.-२१३ घ्यावी. अँटेना विकत घेण्याची गरजच नाही. एक एस.ओ.-२३९ सॉकेट घ्यावे, त्याच्या मधल्या टोकाला ४९ सेंटिमीटरची उभी पितळी किंवा तांब्याची कांडी डागावी, चारी कोपऱ्यांना थोड्या लांब चार कांड्या खाली तिरप्या वाकवून बसवाव्यात. गच्चीवर पाइपाला बांधली की सेटसोबत येणाऱ्या रबरी दांडीपेक्षा कितीतरी पुढे बोलणे होते. ४० मीटरसाठी तर नुसती तांब्याची वायर हवी, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर आणि मधून केबल. मात्र विजेच्या तारांच्या आसपास ती कधीही ओढू नये. या गोष्टीत घाई केलेल्याला दुसरी संधी मिळत नाही.

ज्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न बसलेले आहे त्याने एक नाव लक्षात ठेवावे : हैदराबादचे अशहर फरहान. त्यांनी बी.आय.टी.एक्स. हा सेट असा आखला की सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून तो घरी बांधता यावा. कॉइलसाठी परदेशी रिंग मिळत नाही तर नळाचे वॉशर वापरा, इथपर्यंत त्यांनी विचार केला. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे आणि जगभर लोकांनी तो बांधला. २०१६ मध्ये त्याचा ४० मीटरचा तयार बोर्ड आला, तेव्हा त्यातल्या कॉइल हैदराबादमधील स्त्रिया हाताने गुंडाळत असत. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या आपल्या कारागिराला यात अवघड असे काय आहे? मला तर वाटते की, तयार सेटपेक्षा असा एक सेट बांधून चालू करणारा मुलगा पुढे कोणत्याही दुरुस्तीच्या धंद्यात मागे पडणार नाही.

पैशाची वाटणी जुन्या हिशेबाने सांगतो. रुपयातले आठ आणे सेटला, चार आणे केबल, अँटेना आणि पाइपाला, दोन आणे एस.डब्ल्यू.आर. मीटरला, उरलेले दोन आणे हातात राखावेत. बॅटरी, कनेक्टर, एखादा जळालेला भाग यांत ते जातातच. इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी घरात असेल तर लहान सेटला वेगळा पॉवर सप्लाय नको. व्याजाच्या हप्त्यावर तर शौक अजिबात करू नये. जरुरीच्या वस्तूसाठीही आपण त्यापासून दूर राहतो, ही तर जरूरही नाही.

जुना सेट घेताना विकणाऱ्याचे कॉलसाइन आणि लायसेन्स पाहावे व लेखी पावती घ्यावी. १०० ओहमचे दोन कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा भार तयार होतो. लहान सेट त्यावर क्षणभर चालवून मीटर पाहावा. तोंडी 'एकदम ओके' वर जाऊ नये. आणि सेट आपल्या घरी नेऊन बॅटरीवर ऐकावा. यंत्रमागांच्या मोटारी, स्वस्त एल.ई.डी. दिवे आणि चार्जर ४० मीटरवर भयंकर गोंगाट करतात. घराचा मेन स्विच बंद केल्यावर गोंगाट गेला तर दोष सेटचा नाही, घरातल्या एखाद्या वस्तूचा आहे. ती शोधून बदलावी.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे आमचे काही व्यापारी मित्र विचारतात. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्या कामासाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि त्यांच्याच सेटवरून अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोहोचली, घरच्यांचे निरोप गेले. मुंबई-भिवंडीकरांनी पुढच्याच वर्षी २६ जुलैच्या पावसात फोन बंद पडणे म्हणजे काय ते अनुभवले. त्या रात्री आपल्या किती मोहल्ल्यांत लायसेन्सधारक ऑपरेटर होता?

लायसेन्स हातात आल्यावर एक काम जरूर करावे. गच्चीवर अँटेना चढवण्याआधी सोसायटीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लायसेन्सची झेरॉक्स जोडून साधे पत्र द्यावे व पोच घ्यावी. सेटमध्ये फक्त हॅमच्या पट्ट्यातली चॅनेल भरून बाकी की-पॅड लॉक करावे. लायसेन्सची आणि बिलाची एक-एक झेरॉक्स सेटच्या पाकिटात ठेवावी, मूळ प्रती घरी.